जगदाळ्यांचा लदाव

केशवराव जगदाळे यांनी मला शेवटपर्यंत माफ केलं नाही. त्यांच्याविषयी लिहायला बसलं की हे वाक्य आधी लिहून टाकावं लागतं, नाहीतर पुढचं काहीच खरं लिहून होत नाही.

ते ग्वाल्हेर संस्थानाच्या काळापासून बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते आणि मी तिथेच नक्शानवीस, म्हणजे नकाशे काढणारा. संस्थान विलीन होऊन मध्यभारत झालं तेव्हा ते पन्नाशी ओलांडलेले, मी पस्तिशीतला, दोन मुलींचा बाप. त्यांचं घर शिंदे की छावनीत. पणजोबा दख्खनेतून घोड्यावर बसून आले ते इथलेच झाले. मग आजोबा फौजेत, वडील फौजेत. केशवरावांना मात्र घोड्यांपेक्षा तबेल्याच्या भिंतींत जास्त रस, असं त्यांचे वडील म्हणायचे म्हणे, आणि ते कौतुकानं म्हणायचे नाहीत.

चुना ते जिभेला लावून पाहत. घाण्यात मळलेल्या चुन्याचा गोळा बोटावर घ्यायचा, जीभ टेकवायची, थोडं थांबायचं. चटका बसला तर थुंकून "अभी कच्चा है, भैया" म्हणायचे आणि अख्खा ढीग पुन्हा मळायला लावायचे. कोणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला उलटा हात लावायचे, मग घरच्यांना नमस्कार. आमच्या हिला ते फार लागलं होतं. "आपल्या भिंतीला ओल आहे का बघतात, चहाला आलेत की पंचनाम्याला?" असं तिनं मला आत येऊन विचारलं होतं. ओल होती, हे खरं.

आम्हा ग्वाल्हेरच्या मराठी माणसांची भाषा अर्धी हिंदीच. केशवरावही एरवी माझ्याशी तसंच बोलत. "टेंबे, जरा तो नक्शा दिखाओ, मग चाय पिऊ." पण राग आला की त्यांचं मराठी एकदम शुद्ध व्हायचं. एकही हिंदी शब्द नाही, आवाज खाली, समोरच्याला अहो-जाहो. त्यांनी "आपण कृपा करून इकडे यावं" म्हटलं की जुने मजूर हातातलं काम टाकून दूर सरकत.

ते विसरत नसत. संस्थानी काळात एका सरदाराच्या कारभाऱ्यानं त्यांना काही कारण नसताना दोन तास उन्हात ताटकळत ठेवलं होतं. पुढे सात-आठ वर्षांनी त्याच कारभाऱ्याच्या घराची मोजणी खात्याकडे आली. केशवराव मला घेऊन गेले, तेही जेठ महिन्यात, भर दुपारी. फीत धरायला माणूस कमी आहे म्हणून तिचं एक टोक त्यांनी कारभाऱ्याच्याच हातात दिलं आणि प्रत्येक बाजू तीन-तीनदा मोजली. कारभारी घामानं निथळत होता. शेवटी केशवरावांनी खिशातलं घड्याळ काढलं, पाहिलं, फीत गुंडाळली. परत येताना टांग्यात मला म्हणाले, "दोन तास. एक मिनिट ज्यादा नहीं लिया मी."

मला तेव्हा फार हसू आलं होतं.

विलीनीकरणानंतर आमच्या खात्यात दुसऱ्या संस्थानांतली माणसं आली. कोण वर, कोण खाली, हे ठरवायला ज्येष्ठतेच्या याद्या निघू लागल्या. इंदरगंजच्या आमच्या कचेरीत सकाळी यादी भिंतीवर लागायची आणि पांढऱ्या केसांचे लोक एकमेकांच्या खांद्यावरून मान उंचावून आपलं नाव शोधायचे. मागच्या महिन्यात वर असलेलं नाव या महिन्यात खाली गेलेलं असायचं. उन्हाळा आला की सरकार पेट्या बांधून इंदूरला जायचं, थंडीत परत ग्वाल्हेरला. आपली नोकरी नेमकी कोणत्या पेटीत आहे, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

अशात माथुर साहेब आमचे कार्यकारी इंजिनियर म्हणून आले. चाळिशीचे, गोरे, डिग्रीवाले, सीमेंटचे माणूस. वाईट होते असं मी म्हणणार नाही. बायकोला रोज संध्याकाळी फिरायला नेत, शिपायाच्या मुलाच्या आजारपणात स्वतः डॉक्टर बोलावलेला मी पाहिला आहे. पण त्यांना घाई होती. नव्या राज्यात वर चढायचं तर लवकर काहीतरी करून दाखवायला हवं, हे त्यांना आमच्या आधी कळलं होतं.

निरनिराळ्या संस्थानांची दप्तरं एकत्र ठेवायला एक नवं दप्तरघर बांधायला घेतलं होतं. सीमेंट मिळत नव्हतं, म्हणून दर्शनी कमान दगड-चुन्यात, केशवरावांच्या देखरेखीखाली. कमान पूर्ण झाली ती पौषाच्या कडाक्यात. थंडीत चुना सावकाश धरतो. खालचा लाकडी आधार महिनाभर तरी हलवायचा नाही, असं केशवरावांनी सांगितलं. तेवढ्यात मंत्री येऊन पाहणी करणार असा निरोप आला. कमानीखाली लाकडांचं जंगल माथुर साहेबांना नको होतं. नवव्या दिवशी त्यांनी कामावरच्या हुकूमवहीत स्वतःच्या हातानं लिहिलं की आधार आज काढावा. केशवरावांनी त्याखाली लिहिलं, "माझा विरोध आहे." मी त्या वेळी तिथं मापं टिपायला गेलो होतो. वही माझ्यासमोर उघडी होती. दोन्ही ओळी मी वाचल्या. शाई ओली होती.

केशवरावांना त्या दुपारी दगडाच्या खाणीवर पाठवण्यात आलं. आधार काढला. कमान तासभर उभी राहिली आणि मग कोसळली. खाली रामदीन मिस्त्री होता, दगडांचे सांधे पुसत होता. तो जागीच गेला. त्याची बायको कस्तुरी तिथेच चुना वाहायची. ती डोक्यावर भरलेलं घमेलं घेऊन येत होती, आणि धूळ बसेपर्यंत ते तिनं खाली ठेवलं नाही, एवढं मला स्पष्ट दिसतं.

चौकशी झाली. हुकूमवही रात्रभर माथुर साहेबांकडे होती. चौकशीत ती आली तेव्हा त्यात ते पान नव्हतं. केशवराव म्हणाले, "टेंबेंनी वाचलंय. त्यांना विचारा."

चौकशीच्या साहेबांनी मला विचारलं, "आपने ऐसा कोई पन्ना देखा था?"

यादीत माझं नाव तेव्हा लोंबकळत होतं. मी म्हणालो, "याद नहीं, साहब."

मी केशवरावांकडे पाहिलं नाही. परीक्षा पास नसलेला, फक्त अनुभवावर चढलेला ओव्हरसियर, त्याच्या निष्काळजीपणानं अपघात, असा निकाल लागला. त्यांना काढून टाकलं. टेबलावरचा ओळंबा आणि चष्म्याचं घर त्यांनी रुमालात बांधलं आणि माझ्यापाशी येऊन उभे राहिले. हिंदीचा एकही शब्द नव्हता.

"टेंबे, आपण पाहिलं होतंत. आपल्याला ते आठवत नाही, हे माझ्या मात्र लक्षात राहील."

त्यानंतर दोन वर्षं ते मला दिसले नाहीत. दिसले ते एका नकाशामुळे.

पडाव मोहल्ल्यापलीकडे, रेल्वेच्या रुळांना लागून असलेल्या ओसाड जागेवर लाला गिरधारीलाल नावाचे क्वेट्ट्याहून आलेले निर्वासित गृहस्थ द्राक्षाच्या दारूचा कारखाना काढणार होते. तिकडे त्यांच्या तीन पिढ्यांचा हाच धंदा. दख्खनेतून द्राक्षं वॅगननं येणार, इथं त्यांचा रस आंबवायचा. अडचण ग्वाल्हेरच्या उन्हाची. रस आंबताना आणि मुरताना जागा गार हवी, नाहीतर दारूचा आंबट सिरका होतो. वीज मिळत नव्हती, बर्फाचं यंत्र परवडणार नव्हतं. पहिली दोन वर्षं लालांनी पत्र्याच्या गोदामात काढली आणि दोन्ही वर्षं माल नाल्यात ओतला. मग कोणीतरी त्यांना सांगितलं, छावनीत एक काढून टाकलेला म्हातारा आहे, त्याला भिंतीचं कळतं.

परवान्यासाठी इमारतीचे नकाशे आमच्या खात्याकडे आले, माझ्या टेबलावर. रेघा पाहताच मी ओळखलं. अर्धी इमारत जमिनीखाली. वर लदाव, म्हणजे दगडी कमानींचं सलग छत, लाकूड नाही, लोखंड नाही. लदावावर हातभर माती आणि त्या मातीवर गवत. उत्तरेला कडुलिंबाच्या झाडांखालून एक दगडी नळी जमिनीतून आत आणलेली, पश्चिमेला उंच धुराडं. ऊन धुराड्याला तापवणार, तापलेली हवा वर जाणार आणि जमिनीतली गार हवा आपोआप आत ओढली जाणार. छताचं पाणी टाक्यात, पिंपं धुतलेलं पाणी वाळ्याच्या वाफ्यांत, द्राक्षांचा चोथा खड्ड्यात, खताला.

एका रविवारी मी जागा पाहायला गेलो. फाटकापाशी एक फळी ठोकली होती, तिच्यावर केशवरावांच्या अक्षरात कामाचे नियम. वीज मागायची नाही. जो दगड जुना मिळेल तो नवा काढायचा नाही. आतलं पाणी वाया बाहेर जाणार नाही. झाड तोडून भिंत सरळ करायची नाही, भिंत वाकवायची. हा शेवटचा नियम त्यांनी खरोखर पाळला होता, पूर्वेची भिंत एका म्हाताऱ्या लिंबाला वळसा घालून गेली होती. दगड सगळा जुन्या फौजेच्या पाडलेल्या तबेल्यांचा. फौज मोडली, तबेले लिलावात गेले, ते केशवरावांनी लालांना घ्यायला लावले. आजोबा-वडिलांचे घोडे ज्या भिंतींना बांधलेले असत, त्याच भिंती ते दारूसाठी रचत होते. स्वतः ते दारूच्या थेंबाला शिवत नसत. कोणी त्यावरून टोकलं तर म्हणत, "अपन दारू थोडीच बनवतो, अपन सावली बनवतो."

चुन्याच्या घाण्यापाशी कस्तुरी होती. रामदीन गेल्यावर केशवराव जिथं काम करत, तिथं तिला नेत. आता तिच्या हाताखाली दहा बायका होत्या. तिनं मला पाहिलं आणि पदर ओढून तोंड फिरवलं.

केशवरावांनी मला हाकललं नाही. "बघा," म्हणाले. सगळं फिरून दाखवलं, नळीच्या तोंडाशी हात धरायला लावला. पण बसायला सांगितलं नाही, पाणी विचारलं नाही. मी नंतर चार-पाच रविवारी गेलो. प्रत्येक वेळी तसंच. उभ्यानं बघायचं आणि परतायचं.

माथुर साहेबांनी नकाशे दोनदा नामंजूर केले. शेरा एकच, चुना-मातीचं काम, भरवशाचं नाही. ते मनापासून लिहीत होते की नकाशाखालचं नाव पाहून, हे मला सांगता येणार नाही. लाला घाबरे झाले. नवीन द्राक्षांची वॅगन ठरली होती, प्रमाणपत्राशिवाय परवाना नव्हता. एक देश सोडून आलेला माणूस, त्याच्याकडे तिसऱ्यांदा माल नाल्यात ओतायची ताकद नव्हती. त्यांनी वर अर्ज केला. वरून हुकूम आला की माथुर यांनी स्वतः जागेवर जाऊन पाहावं आणि काय ते लिहून द्यावं.

"कोणत्या दिवशी बुलवायचं?" लालांनी केशवरावांना विचारलं.

"टेकू काढायच्या दिवशी," केशवराव म्हणाले.

होळी होऊन गेली होती. आम्ही सकाळी अकराला पोचलो, माथुर साहेब पुढे, मी नकाशांची गुंडाळी घेऊन मागे. चाळीसएक मजूर काम थांबवून उभे होते. केशवराव फाटकापाशी आले, स्वच्छ धोतर, डोक्याला फेटा. माथुर साहेबांना त्यांनी नमस्कार केला आणि मराठीत बोलायला लागले. माथुर साहेबांना मराठी येत नव्हतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"टेंबे, साहेबांना सांगा, आज लदावाचे टेकू निघणार आहेत. त्यांनी पाहावं."

मी हिंदीत सांगितलं.

"मैं बाहर से देख लूँगा," माथुर साहेब म्हणाले.

"सांगा त्यांना, लदाव बाहेरून दिसत नाही. खाली उभं राहिलं तरच दिसतो."

वरचा हुकूम जागेवर जाऊन पाहण्याचा होता. माथुर साहेब पायऱ्या उतरले. मी फाटकाशी घुटमळत होतो तर केशवराव म्हणाले, "आपणही यावं. आपल्याशिवाय बोलणार कोण?"

आत अंधूक उजेड आणि गारवा. डोक्यावर दगडाची ती प्रचंड पाठ, आणि तिच्याखाली लाकडी टेकूंच्या दोन रांगा, सहा-सहा. आम्ही मधोमध उभे राहिलो. मागे पाहिलं तर कस्तुरी दारात बसली होती. रिकामं घमेलं उपडं घालून त्यावर, दाराच्या दोन्ही बाजूंना गुडघे टेकतील अशी.

"ये औरत वहाँ क्यों बैठी है?" माथुर साहेबांनी विचारलं.

"सांगा, ही रामदीन मिस्त्रीची बायको. साहेबांना बाहेर जायचं असेल तर जाता येईल. तिला ओलांडून जावं लागेल."

मी सांगितलं.  माथुर साहेबांनी एक पाऊल दाराकडे टाकलं, कस्तुरीनं वर पाहिलं, आणि ते थांबले.

केशवरावांनी हात केला. मिस्त्रीनं पहिल्या टेकूच्या बुडाशी घण घातला. टेकू पडला, त्याचा आवाज लदावातून फिरून परत आला. वरून चिमूटभर भुकटी माथुर साहेबांच्या टोपीवर पडली. दुसरा. तिसरा. चौथा.

"टेंबे, विचारा, चुना मुरायला किती दिवस लागतात?"

"एक महीना," माथुर साहेब म्हणाले. "जाड़े में ज़्यादा."

पाचवा टेकू पडला, सहावा पडला. एक अख्खी रांग गेली.

"दप्तरघराच्या कमानीला किती दिवस मिळाले?"

हा प्रश्न मला विचारता येईना. केशवराव वाट पाहत राहिले. घणवाला मिस्त्री वाट पाहत राहिला. मग मी विचारला. माथुर साहेबांनी लदावावरची नजर काढून पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मला आठवतंय, हे त्यांना त्या क्षणी कळलं.

"नौ," ते म्हणाले.

"हुकूम कोणाचा होता?"

घण चालूच राहिला. सातवा, आठवा, नववा. माथुर साहेबांचा शर्ट पाठीला चिकटला होता, त्या गारव्यात. दहावा आणि अकरावा एकदम गेले. एकच टेकू राहिला. केशवरावांनी मिस्त्रीच्या हातातून घण घेतला आणि माथुर साहेबांपुढे धरला.

"सांगा, शेवटचा साहेबांनी काढावा. हुकूम देऊन झालेत, हातानं काढून बघावा."

माथुर साहेबांनी घण घेतला. तो टेकूला टेकवून त्यांनी वर दगडांकडे पाहिलं.  मग ते खाली मान घालून काहीतरी बोलले.

"जोरात बोलायला सांगा. दारात ऐकू गेलं नाही."

मी सांगायच्या आतच ते ओरडले, "ऑर्डर मेरा था! मैंने लिख के दिया था!"

लदावानं ते वाक्य घेतलं आणि सगळीकडे फिरवलं. बाहेरच्या चाळीस जणांनी ऐकलं. कस्तुरी उठली, घमेलं उचललं आणि वाट मोकळी करून बाजूला उभी राहिली. माथुर साहेबांना वाटलं, सुटलो. त्यांनी घण खाली ठेवायला घेतला.

"सांगा, टेकू अजून एक आहे."

तीन घाव लागले. तिसऱ्याला टेकू आडवा झाला. माथुर साहेबांनी डोळे गच्च मिटले. काही झालं नाही. दगड होते तिथंच राहिले. पिंपावर कागद ठेवून त्यांनी प्रमाणपत्रावर सही केली आणि पाणी मागितलं. चार पावलांवर माठ होता. केशवराव हलले नाहीत, म्हणून कोणीच हललं नाही. माथुर साहेब तहानलेलेच गाडीत बसले.

मला आनंद झाला होता. लिहायला लाज वाटते, पण झाला होता.

साहेबांची गाडी गेल्यावर लाला धापा टाकत म्हणाले, "जगदाले साब, गिर जाती तो? चार आदमी मरते, मैं फिर सड़क पर!"

"गिरती कैसे?" केशवराव म्हणाले. "टेकू चार दिवस पहलेच ढिले केले होते. नुसते उभे थे. मी अकेला खाली बसून भाकरी खाल्ली, एक झोप काढली, तब जाके आदमी अंदर घेतले."

मी म्हटलं, "केशवराव, मग मला का उभं केलंत?"

त्यांचं हिंदी पुन्हा नाहीसं झालं. "आपल्याला हे ठाऊक नव्हतं म्हणून."

त्या उन्हाळ्यात ग्वाल्हेरचं सगळं लष्कर शहर भाजून निघत असताना लालांच्या लदावाखाली अंगावर पांघरूण घ्यावंसं वाटत होतं. पंखा नाही, दिवा नाही, नळीतून संथ हवा येत होती. लालांची दारू टिकली. लांबून लोक इमारत बघायला यायला लागले. गवतानं झाकलेलं छत रुळांवरून जाणाऱ्या गाड्यांतून एखाद्या टेकाडासारखं दिसायचं. केशवरावांचं नाव झालं. त्यांनी आता तरी थांबावं असं मला वाटत होतं.

ते थांबले नाहीत. दर सोमवारी अकराला ते आमच्या कचेरीत यायचे आणि माथुर साहेबांच्या खोलीसमोरच्या बाकावर बसायचे. बोलायचे नाहीत, अर्ज नाही, तक्रार नाही. तासभर उघड्या दारातून साहेबांकडे पाहायचे आणि उठून जायचे. बाक सार्वजनिक होता, कोण काय म्हणणार? साहेबांनी दार लावून घेतलं तर ते दाराकडे पाहत बसायचे. टांगेवाल्यांनी साहेबांना "नौ दिन के साहब" नाव पाडलं होतं, ते भाजीवाल्यांपर्यंत गेलं. त्यांच्या बायकोनं संध्याकाळचं फिरणं बंद केलं. सोमवारी त्यांच्या सह्या वेड्यावाकड्या येत. कुठल्याही कामावर आधार काढायचा हुकूम द्यायची वेळ आली की ते कागद आठवडा-आठवडा पुढे ढकलत, ठेकेदार बोंबलत.

एकदा मी बाकापाशी जाऊन हळूच म्हटलं, "केशवराव, आता पुरे करा. माणूस खचलाय."

"रामदीनचं वय किती होतं, आपल्याला ठाऊक आहे?"

मला ठाऊक नव्हतं.

"मग आपण आपल्या टेबलावर जावं."

छप्पन साली मध्यभारतही गेलं. मोठा मध्यप्रदेश झाला, राजधानी भोपाळ. माझी बदली भोपाळला झाली, माथुर साहेबांनी आपली तिकडची बदली स्वतःच मागून घेतली. निघायच्या आदल्या सकाळी मी केशवरावांकडे गेलो. ते कारखान्याच्या अंगणात उन्हाला बसले होते. मी उभ्यानंच बोललो. पान मी पाहिलं होतं, मी खोटं बोललो, मला माफ करा, असं सगळं. त्यांनी ऐकून घेतलं.

"तोंडी नको," ते म्हणाले. "लिहून द्या."

लालांच्या कारकुनाकडून कागद आणला. मी हुकूमवहीतल्या दोन्ही ओळी, दिवस, वेळ, चौकशीत मी काय म्हणालो ते सगळं लिहिलं आणि खाली पूर्ण नाव घालून सही केली. माझी नोकरी त्या कागदावर होती. केशवरावांनी तो वाचला, कस्तुरीला हाक मारली आणि कागद परत माझ्याकडे दिला.

"यांना वाचून दाखवा. हिंदीत."

मी वाचलं. कस्तुरी हाताला लागलेला चुना पदराला पुसत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "उनका नाम फिर से पढ़ो, बाबूजी."

मी वाचलं, "रामदीन, मज़दूर."

"वो मज़दूर नहीं थे. मिस्त्री थे."

मी तो शब्द खोडला, वर 'मिस्त्री' लिहिलं आणि खाडाखोडीवर पुन्हा सही केली. तिनं कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि चोळीत ठेवला. मग ती घाण्याकडे वळली.  मी उभाच होतो. केशवराव म्हणाले, "आपण माफी मागायला आला होतात. ती माझ्याजवळ नाही. या आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनावर आमच्या खात्याची निम्मी माणसं होती. पेट्या, बिछाने, रडणाऱ्या बायका, हार. मी मुलींना खिडकीपाशी बसवत होतो, तेवढ्यात गर्दीत केशवराव दिसले. मला वाटलं, माझ्यासाठी आले. मी दारात येऊन हात वर केला. ते प्रत्येक खिडकीत डोकावत पुढे येत होते. आमच्या डब्यापाशी आले, आत पाहिलं, माझ्या चेहऱ्यावरून त्यांची नजर रिकाम्या बाकावरून जावी तशी गेली, आणि ते पुढे निघून गेले.

पहिल्या वर्गाच्या डब्यापाशी ते थांबले. आत माथुर साहेब असणार. गाडी सुटेपर्यंत ते त्या खिडकीसमोर उभे होते. गाडी हलली तसे ते बरोबर चालायला लागले. मग भरभर. मग साठीला टेकलेला तो माणूस हमालांना, पेट्यांना धक्के देत पळायला लागला, मान त्या खिडकीकडे वळवून. मी दारातून वाकून पाहत होतो. माथुर साहेबांच्या खिडकीची झडप खाली आली, तरी ते पळतच होते. प्लॅटफॉर्म संपला तिथं ते थांबले. माझा डबा त्यांच्या अगदी जवळून गेला. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून ते धापा टाकत होते, तोंड उघडं होतं, आणि डोळे पुढे गेलेल्या त्या एकाच डब्यावर होते.